माळकऱ्याचा मुलगा चौकला जेवतो

मी कॉलेजात गेलो तेव्हा सत्तर साल उलटून गेलं होतं. आम्ही भाईंदर पश्चिमेला राहायचो. वडील मिठागराच्या कचेरीत कारकून. मूळचे रत्नागिरीकडचे, पण गळ्यात तुळशीची माळ. रत्नागिरीचा माणूस आणि मासे खात नाही म्हटल्यावर लोक आधी हळहळायचे, मग एखादा चांगला डॉक्टर सुचवायचे. आईच्या हाताला चव होती, नाही असं नाही. पण वाटाण्याची उसळ कितीही जमली तरी ती शेवटी वाटाण्याचीच.

सायन्सला असल्यामुळे सकाळी लेक्चरं, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी जर्नल आणि मधे दोन शिकवण्या, असा माझा दिवस जायचा. बाहेर खायचं म्हटलं तर कॉलेजचं कँटीन, नाहीतर स्टेशनजवळचं एक हॉटेल. त्या हॉटेलात फळ्या ठोकून एक 'फॅमिली रूम' केली होती. तिथं फॅमिली मी कधी पाहिली नाही, कांद्याची पोती मात्र असायची. मिसळ बरी होती. एवढीच तिची स्तुती करता येईल.

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी समुद्रकाठच्या चौक गावचा एक मुलगा उभा राहायचा. कॅथलिक, घरची होडी, अंगानं दांडगा आणि गणितात माझ्या दुप्पट हुशार. एकदा त्यानं डबा उघडला. आत तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील. मी बघत राहिलो.

"खातोस?" त्यानं विचारलं.

"आमच्यात चालत नाही."

"तुमच्यात म्हणजे कोणात? इथं तर तू एकटाच आहेस."

गणितातल्या माणसाशी वाद घालू नये. मी अर्धा बोंबील खाल्ला, मग उरलेला अर्धा, आणि त्यानंतर धर्माचा विचार परीक्षेनंतर करायचं ठरवलं.

तिथून आमचा रविवारचा अभ्यास सुरू झाला. सकाळी मी सायकलवर टांग मारायचो आणि मुर्धा, राई ही गावं मागे टाकत चौक गाठायचो. घरी सांगितलं होतं, मित्राकडे गणित करतोय. ते खोटं नव्हतं. अकरापर्यंत आम्ही खरोखर गणित करायचो. अकराला स्वयंपाकघरातून मसाल्याचा वास यायचा आणि पुढचं इंटिग्रेशन देवावर सोडलं जायचं. मित्राची आई, तिला मी मावशी म्हणायचो, समोर बसून वाढायची. मी नको म्हटलं की म्हणायची, "न्हाय कसा? पोटात जागा हाय, मला दिसतंय." सुरमईचं कालवण, कोलंबी, सणाला डुकराचं मटण. त्यांचा उपासही मला आवडायचा. ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी ते मटण सोडायचे आणि मासे खायचे. असा उपास आमच्यात असता तर मी जन्मभर केला असता.

परतताना मी हात लिंबानं घासायचो, बडीशेप चघळायचो. तरी तिसऱ्याच रविवारी आईनं दोरीवरचा माझा शर्ट नाकाला लावला. वडील बाहेर ओटीवर होते. आईनं हळू आवाजात विचारलं, "ओले होते की सुके?"

मी म्हटलं, "ओले."

"हं," म्हणाली, आणि शर्ट पाण्यात बुडवला. लग्नाआधी ती खाडीकाठच्या घरात वाढली होती हे मला माहीत होतं. पण त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता.

हे असं वर्षभर सुरळीत चाललं. मग सहामाहीत मला गणितात चांगले मार्क पडले आणि घात झाला. वडील म्हणाले, "त्या लोकांचे आभार मानले पाहिजेत. रविवारी मी एस.टी.नं येतो." मी ऊन, धूळ, एस.टी.चा भरवसा नाही, सगळं सांगून पाहिलं. ते दुपारी येऊन दाखल झाले, हातात केळ्यांचा घड.

मी पाटावर बसलो होतो आणि पानात बांगडा होता. त्याचं डोकं नेमकं दाराकडे होतं. वडिलांनी बांगड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मित्राच्या वडिलांना नमस्कार करून खुर्चीवर बसले. मी घास हातात धरून बसलो. गिळावा की ठेवावा ते कळेना.

मावशीनं मात्र परिस्थिती ओळखली. त्या आठवड्यात शेजारी लग्न होतं, म्हणून घरात फुगे तळलेले होते. फुगे म्हणजे मैद्याचे आंबवून तळलेले गोळे, बाहेरून तांबूस, आतून पोकळ. तिनं बशीभर फुगे आणि चहा वडिलांसमोर ठेवला. "घ्या भाऊ, याच्यात मासा न्हाय."

वडिलांनी एक चहात बुडवून खाल्ला. मग दुसरा. मग चहा संपला तरी खातच राहिले. पाचव्याला म्हणाले, "फार हलके झालेत. आंबवता कशात?"

मी आणि मित्र एकमेकांकडे बघायला लागलो. मित्राच्या वडिलांनी खिडकीबाहेर समुद्र पाहायला घेतला. मावशीला खोटं बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, "ताडीत, भाऊ. आन् अंडं हाय थोडं. मी मासा न्हाय एवढाच म्हटला."

वडिलांनी बशीत उरलेल्या एका फुग्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "ताडी झाडाचीच ना?"

"झाडाचीच."

"मग ती फळाहाराला जवळची आहे. अंड्याचं मात्र बरोबर झालं नाही." त्यांनी बशी बाजूला सारली, पदर सावरत उभ्या राहिलेल्या मावशीला म्हणाले, "तुमची चूक नाही ताई, मी खाऊन झाल्यावर विचारलं," आणि तोंड धुवायला मागीलदारी गेले. तिथं त्यांनी इतक्या चुळा भरल्या की मित्रानं बादली दोनदा भरून दिली.

परतताना मी सायकल तिथंच ठेवली आणि त्यांच्याबरोबर एस.टी.त बसलो. मी मनात भाषण तयार करत होतो, त्यात प्रथिनांचा मुद्दा होता.

"किती दिवस खातोयस?" त्यांनी विचारलं.

"वर्ष झालं."

"आणि गणित?"

"तेही करतो. अकरापर्यंत."

ते मिठागरांकडे बघत राहिले. पांढरे ढीग मागे जात होते. मग म्हणाले, "खा. तुझी माळ नाही, माझी आहे. पण घरी आईसमोर चवीचं वर्णन करत बसू नकोस. माझ्यामुळे तिनं सोडलंय. तिला उगाच आठवण होईल."

प्रथिनांचं भाषण मी गिळलं. आईनं शर्ट हुंगला होता ते सांगावंसं वाटलं, पण तेही गिळलं. त्या दिवशी एकूण गिळणं बरंच झालं.

नंतर वडिलांनी घरी एकादशीला जोडून दुसऱ्या दिवशीचाही उपास केला. मला वाटतं अंड्यासाठी. ताडीसाठी काही केल्याचं आठवत नाही. नाताळात मावशीनं माझ्याबरोबर निरोप पाठवला, भाऊंना काय पाठवू. वडील पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "फुगे पाठवा म्हणावं. अंडं नको. बाकी जसं असेल तसं राहू दे."

तिनं वेगळी परात घेऊन तसे केले. ते थोडे चिवट झाले होते. वडिलांनी सगळे संपवले, आईला दोन दिले, मला एकही नाही.