लागंल ते मागा, गाडी मागू नगा

माझ्या बायकोला गाडी चालवता येत नव्हती, पण चालू करता येत होती. रोज सकाळी ती स्टेअरिंगवर बसायची आणि मी मागून धक्का द्यायचो. सुप्यात आमचं घर चढावर. एकदा चाक हललं की गाडी आपली आपण उताराला लागायची. कौसा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची आणि क्लच सोडायची. इंजिनाला उचकी लागायची, मग धूर, मग आवाज. खाली बाभळीपाशी ती ब्रेक दाबून गाडी थांबवायची आणि डावीकडच्या सीटवर सरकायची. मी धापा टाकत जाऊन बसायचो.

त्या दिवशीही तेच केलं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. फरक एवढाच की त्या दिवशी आम्ही भांडत होतो. राजूरच्या सोमाचा निरोप आला होता. त्याच्याकडेही आमच्यासारखीच जपानी गाडी. तिचा गिअरबॉक्स फुटला होता, आणि नवा कुठं मिळत नव्हता. म्हणून त्याला आमची अख्खी गाडी विकत पाहिजे होती, सुटी करून वापरायला. मला द्यायची होती. कौसाला द्यायची नव्हती. मी मागून ढकलता ढकलता ओरडत होतो, ती खिडकीतून मान काढून उत्तर देत होती.

"माझे गुडघे गेले. अजून किती वर्सं ढकलू?"

"ढकला की. बसून कोन जगलंय?"

"अगं, गिऱ्हाईक चालून आलंय. ह्या गाडीला दुसरं कोन इचारनार हाय?"

"मी मेल्यावर इका," ती म्हणाली आणि क्लच सोडला.

हे ती कायम म्हणायची. बायका म्हणतातच. मी मनावर घेतलं नाही. दुपारी ती गेली.

तिला ज्यांनी पाहिलं नाही त्यांना वाटेल, बाई हट्टी असणार. हट्टी तर होतीच. पण गाडीचं सांगितल्याशिवाय तिचं कळायचं नाही.

ऐंशीच्या पुढच्या सालांत जपानच्या मोटार कंपन्या आपल्याकडं आल्या. इथल्या कंपन्यांशी भागी करून त्यांनी हलक्या गाड्या काढल्या, टेम्पो, छोटे ट्रक, मिनीबस. मी तेव्हा एका कंत्राटदाराचा ट्रक चालवायचो. आमच्या ट्रकचा गिअर टाकायचा म्हणजे आडातून बादली ओढल्यासारखं. जपानी गाडीत पहिल्यांदा बसलो तर गिअर लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. मी उतरून पुन्हा बसलो, पुन्हा टाकून बघितला. ड्रायव्हर लोकांत महिनाभर दुसरं बोलणं नव्हतं.

पुढं नव्वदच्या आसपास आम्ही स्वतःची गाडी घ्यायची ठरवलं, जुनी का होईना. नगरला दलालाकडं दोन गाड्या उभ्या होत्या, एक जीप आणि एक ही मिनीबस. मी जीपच्या चाकापाशी वाकून बघत होतो. कौसा बसच्या पुढं उभी राहून तिच्या नाकावरचा बिल्ला बघत होती. तिनं दलालाला विचारलं, ही कोणत्या गावची? तो म्हणाला, जपानची. तिनं विचारलं, जपान म्हणजे बुद्धाचा देश ना? दलालाला काय, गाडी खपवायची होती. तो म्हणाला, व्हय बाई, तिकडं समदे बुद्धाचेच. झालं. कौसा मला म्हणाली, "उठा तिथून. आपल्या मानसांची गाडी असताना दुसऱ्याची कशापायी घ्यायची?"

आम्ही छप्पन सालानंतर बौद्ध झालेले. कौसाच्या घरात बुद्धवंदना एकही दिवस चुकायची नाही. तिनं पेंटरकडून गाडीच्या कपाळावर 'नमो बुद्धाय' लिहून घेतलं. लिंबू-मिरची बांधू दिली नाही. बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, वैनी, म्हणून तुमची गाडी सारखी बंद पडती. ती म्हणायची, "तुमची बांधून बंद पडती, आमची न बांधता. लिंबाचं तेवढं वाचलं."

गाडीवरचं 'नमो बुद्धाय' बघून काही लोक आमच्या गाडीत बसायचे नाहीत. स्टँडवर उभे राहायचे, जीपची वाट बघत. मला राग यायचा. कौसा म्हणायची, "ऱ्हाऊ द्या उभे. पाय दुखले की बसतील." आणि बसायचेही. ऊन वाढलं की आणि जीप भरलेली आली की मुकाट चढायचे. कौसा त्यांना सरकून जागा द्यायची आणि विचारायची, घरी कसं हाय समदं. ते उत्तर द्यायचे, पण तोंड खिडकीकडं करून.

चार-पाच वर्षं गाडी अशी पळाली की विचारू नका. सुपा-नगर, नगर-सुपा. कारखान्यातल्या बाया, शाळेची मास्तर मंडळी, बाळंतिणी. मग जपानवाल्या भागीदारानं हात काढून घेतला. इकडची कंपनी दुसऱ्या कोणी घेतली, तिथं वेगळाच माल निघायला लागला. आमच्या गाडीचं सामान यायचं बंद झालं. नगरचा दुकानदार म्हणायचा, काका, आता ह्या गाडीचा फक्त फोटो मिळंल.

तिथून मी अडकलो. गाडी चालेना, विकली जाईना, टाकून देववेना. जिल्ह्यात अशा गाड्या चारच राहिल्या होत्या. आमची, राजूरच्या सोमाची, एक श्रीगोंद्याला, एक शेवगावला. नगरला एकच मिस्त्री होता ज्याला ह्या गाडीतलं कळायचं. तिथं आम्ही चौघं भेटायचो. एकमेकांच्या गाडीची तब्येत विचारायचो. वरून काळजी, आतून प्रत्येक जण वाट बघायचा की दुसऱ्याची कधी कायमची बसते. ज्याची बसली त्याचं सामान तिघांना. शेवगाववाल्याची आधी बसली. तिचे दरवाजे, जॅक, अल्टरनेटर आम्ही वाटून घेतले आणि राहिलेल्या सांगाड्यात त्यानं कोंबड्या पाळल्या. मी कोंबड्या बघून आलो आणि दोन दिवस जेवण गेलं नाही.

कौसाला मात्र ही वाट बघायची रीतच पसंत नव्हती. सोमा तिला आक्का म्हणायचा आणि मला दाजी. त्याची गाडी राजूरपासून डोंगरातल्या वाड्यांना जायची. तिथून बाजाराला यायला दुसरं काही नव्हतं. एकदा त्याचा स्टार्टर जळाला. तो आमच्याकडं येऊन गप बसून राहिला. कौसानं त्याला भाकरी वाढली आणि मला म्हणाली, आपला काढून द्या. मी म्हणालो, मग आपण काय करायचं? ती म्हणाली, "हितं उतार हाय, मी हाय, तुमी हाय. डोंगरात त्याला कोन ढकलंल?"

दिला. म्हणून तर आमचा रोजचा धक्का.

पुढल्या साली त्याची वायपरची मोटर गेली. कौसा म्हणाली, "आपल्याकडं पाऊस कुटं पडतोय? राजूरला चार महिनं धार लागलेली असती." तीही गेली. मग आरसा गेला, मग मागच्या सीटा. मी म्हणालो, अगं, असं फुकट सुटं सुटं देण्यापेक्षा एकदाच विकू की, पैसे तरी येतील. तर सोमासमोरच म्हणाली, "लागंल ते मागा, गाडी मागू नगा. जेच्यानं ती उभी ऱ्हाईल तेवढं सोडून समदं तुमचं." सोमा हसला. मला हसू आलं नाही. रोज सकाळी गाडीमागं खांदा मीच लावत होतो.

एकदा सुप्याच्या हॉटेलपाशी पाहुण्यांची मोठी बस थांबली होती. वेरूळ-अजिंठ्याला निघालेली जपानी माणसं चहा पीत होती. कौसाला कोणी तरी सांगितलं. ती तशीच गेली, पदर सारखा केला आणि एका म्हाताऱ्या जपानी माणसापुढं हात जोडून म्हणाली, नमो बुद्धाय. म्हातारा कमरेत वाकला. कौसाही वाकली. तो पुन्हा वाकला. मला वाटलं आता हे दोघं संध्याकाळपर्यंत वाकत बसणार. मग तिनं त्याला मनगटाला धरून आमच्या गाडीपाशी आणलं. बिल्ला बघून म्हातारा मोठ्यानं हसला, पत्र्यावरून हात फिरवला. बरोबरचा गाईड सांगू लागला, की ह्यांनी तरुणपणी असल्याच गाडीतून मासळी वाहिली, पण त्यांच्याकडं अशा गाड्या कधीच भंगारात गेल्या, ही चालते कशी?

कौसा गाईडला म्हणाली, "चालती कशी ते ऱ्हाऊ दे. त्यास्नी इचार, सामान कवा पाठवनार?"

गाईडनं काय सांगितलं देव जाणे. म्हाताऱ्याचा चेहरा पडला आणि तो आधीपेक्षा जास्त वाकला. बस गेल्यावर कौसा मला म्हणाली, "बगा. माफी मागितली मानसानं. नगरच्या दुकानदारानं कवा मागितली का?"

ती चालू गाडीत डावीकडं सरकून बसायची असं वर सांगितलं. तिला कुठं जायचं नसायचं. घरापासून वेशीतून स्टँडपर्यंत यायची, तिथं उतरायची आणि उन्हातान्हात चालत माघारी जायची. मी सुरुवातीला विचारलं, हे काय येड? तिनं तेव्हा सांगितलं नाही. पुष्कळ दिवसांनी भाकरी थापताना सांगितलं. तिच्या माहेरी तिचा बाप दुसऱ्याची बैलगाडी हाकायचा. वेस आली की खाली उतरायचा, कासरा धरून चालत गाव ओलांडायचा, पार गेला की पुन्हा बसायचा. आमच्या लोकांना तशी रीत होती. ही लहान असताना त्याच्यासोबत उतरायची. एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली. त्यानंतर मी तिला कधी विचारलं नाही. पण गाडी विकायचं म्हणायचो तेव्हा मला ते आठवायचं, आणि तरी म्हणायचो. कारण खांदा माझा होता आणि वय साठीच्या पुढं गेलं होतं. दोघांचंही खरं होतं. अशा वेळी घरात हवा येत नाही, दार उघडं असलं तरी.

त्या दिवशी मी तिला स्टँडवर सोडलं. भांडण अर्धंच राहिलं होतं, म्हणून तिनं उतरताना माझ्याकडं बघितलं नाही. मी नगरला गेलो. दुपारी तिथल्या चहावाल्याकडं फोन आला. पुतण्या बोलत होता. काकू धुणं वाळत घालता घालता खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत, डॉक्टर येऊन बघून गेले. मी गाडीत जाऊन बसलो. एरवी माझ्या गाडीला हसणारे स्टँडवरचे जीपवाले सगळे उतरले आणि न सांगता धक्का द्यायला मागं जाऊन लागले. नगर ते सुपा मी कसा आलो ते मला सांगता येणार नाही. डावीकडं बघायचं नाही एवढंच धरून होतो.

संध्याकाळी वंदना झाली, अग्नी दिला. माणसं जमली होती. वेशीत बसणारे, गाडीत तोंड फिरवणारे, तेही काही आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमा आला. रातोरात एसट्या बदलत आला होता, तोवर सगळं उरकलं होतं. आक्काचं तोंड बघायला मिळालं नाही म्हणून ओट्याच्या कडेला बसून राहिला. गिअरबॉक्सचं नाव त्यानं काढलं नाही. त्याची गाडी तिकडं उभी आहे, डोंगरातली माणसं पायी उतरतायत, हे मला माहीत होतं. ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं की कौसा म्हणायची, मी मेल्यावर इका. पुतण्या हळूच म्हणालाही, काका, आता मोकळे झालात, देऊन टाका, चार पैसे येतील.

मोकळा. मी तो शब्द ऐकला आणि उठलो. आतून पाने आणले, जॅक आणला, मागच्या चाकांना दगड लावले आणि गाडीखाली शिरलो. पुतण्या म्हणाला, काका, आज नको, लोक काय म्हणतील. मी म्हणालो, लोकांना चहा दे.

सोमा दुसऱ्या बाजूनं खाली आला. आम्ही दोघं पाठीवर पडून बोल्ट काढत होतो. जुनं तेल तोंडावर गळत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "दाजी, किती द्यायचं?"

"आक्काला इचारलं असतंस का?"

 तो गाडीखालीच रडायला लागला. मी म्हणालो, पाना धर नीट, हातावर पडंल.

गिअरबॉक्स उतरला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पोत्यात गुंडाळून, दोरीनं बांधून आम्ही तो हातगाडीवर टाकला आणि वेशीतून स्टँडवर नेला. गाडी तिथंच चढावर उभी राहिली, दगडांवर. विकली नाही. नगरची एसटी आली. दोघांनी आणि एका हमालानं मिळून तो टपावर चढवला. कंडक्टर म्हणाला, एवढं लोखंड हाय, लगेजचं तिकीट काढावं लागंल.

मी काढलं.