दानीएलमामांनी वाट सोडली

सावेडीतल्या त्या दुकानाला लोक कौतुकानं मॉल म्हणायचे. खाली किराणा, वर कपडे आणि त्याच्या वर प्लॅस्टिकच्या बादल्या, एवढाच त्याचा पसारा. पण दारातला माणूस पाहिला की दुकान उगाच मोठं वाटायचं. धिप्पाड अंगाचे दानीएल भिंगारदिवे तिथं निळ्या गणवेशात उभे असत, मिशीला कलप, बुटांना पॉलिश. गिऱ्हाइकाच्या बिलावर शिक्का मारायचा आणि पिशवीत एक नजर टाकायची, हे त्यांचं काम. त्याआधी बरीच वर्षं ते एका साखर कारखान्याच्या गेटवर होते. तो बंद पडला तेव्हा इकडे आले. "माझ्या गेटातून साखरंचा दाना भाईर गेला न्हाई," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. दुकानातले सगळे त्यांना मामा म्हणत.

चोऱ्या इथंही होत, पण भुरट्या. कुणी शाम्पूची बाटली पर्समध्ये टाके, कुणी आपली जुनी चप्पल मांडणीवर ठेवून नवी पायात घालून निघे. मामा अशा माणसाला दंडाला धरून बाजूला नेत आणि आवाज न चढवता वस्तू काढून घेत. पकडलेला माणूस हातापाया पडे आणि निघून जाई. तो याहून वेगळं काही करील, हे मामांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी दोन तरणे पोरगे आले. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि दोघांच्या अंगात जाड जर्किनं. मामांनी तेव्हाच ओळखलं. काजू-बदामाची पाकिटं आणि तुपाचे डबे आत कोंबून दोघं दाराकडे निघाले. पहिला सुळकन निसटला. दुसऱ्याची कॉलर मामांच्या हाती लागली. दुसऱ्या हातानं त्यांनी काचेचं दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभे राहिले.

"आता कुठं जाशील?"

पोरानं कमरेचा सुरा काढला. तो मामांवर नेम धरून नव्हताच, डोळे मिटल्यासारखा चौफेर फिरवत होता. मामांनी कॉलर सोडून अंग चोरलं. गल्ल्यावरची स्नेहल एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला मागं ओढायला धावली होती, सुरा तिच्या हातावर बसला. ती किंचाळली तसा पोरगाही घाबरला. त्यानं जर्किनातले डबे टाकले, मामांना ढकललं आणि दार उघडून पळाला.

तूप वाचलं. आठवड्यानं मालकांनी शाल-नारळ देऊन मामांचा सत्कार केला, फोटो काढला. मामा शाल घेऊन घरी आले. त्यांच्या बायकोनं, दीनानं, ती हातातही घेतली नाही.

"स्नेहलला बघून आलात का?" तिनं विचारलं.

"न्हाई अजून."

"मग चला."

स्नेहल केडगावला आईबरोबर राहायची. हाताला भलं मोठं बँडेज होतं. आतली शीर तुटली होती आणि दोन बोटं वळत नव्हती. तिच्या आईनं, लंकाबाईनं, चहा ठेवला, दीनाशी चार शब्द बोलली, मामांकडे मात्र पाहिलं नाही. मामा म्हणाले, "त्याला सोडला असता तर लोकांनी काय म्हनलं असतं, पोरी?"

स्नेहल न रागावता म्हणाली, "मामा, तो पळतच हुता. तुमी दार लावलं म्हणून त्यानं सुरा काढला."

मामांचा चहा कपातच निवला.

दुसऱ्या दिवशी ते मॅनेजर आदिनाथ यांच्यासमोर उभे राहिले.

"साहेब, इथून पुढं हत्यार दिसलं तर मी बाजूला होनार. आधीच सांगून ठेवतो."

"मग तुम्हाला दारात ठेवायचं कशाला, भिंगारदिवे?"

"बघायला. चेहरा बघीन, गाडी बघीन, पोलिसांना सांगीन. आन गल्ल्याखाली एक बेल बसवा. ती वाजली की पोरींनी गिऱ्हाइकं घेऊन मागच्या गोदामात जायचं."

आदिनाथांनी "बघू" म्हटलं. मामा रोज आठवण करत राहिले, तेव्हा कुठं बेल बसली.

दिवाळीच्या गर्दीत ती वाजली. स्नेहल तोवर कामावर परत आली होती, बोटं अजून थोडी ताठ होती. एक माणूस परफ्युमच्या बाटल्या आणि घड्याळं पिशवीत भरून सरळ दाराकडे आला आणि शर्टाखालचा कोयता त्यानं नुसता दाखवला. मामांनी दोन्ही पंजे वर केले, पायानं दार ढकललं आणि कडेला झाले.

"जा बाबा. वाट मोकळी हाय."

माणूस गेला. मामांना भीती वाटली होती, आणि त्याहून जास्त अपमान. गोदामात न गेलेलं एक गिऱ्हाईक मागून मोठ्यानं म्हणालं, "एवढा पैलवानासारखा गडी आन दार उघडून देतो!" मामांनी ऐकून घेतलं. त्यांनी गोदामात डोकावून पाहिलं. पोरी, बायका, एक कडेवरचं लेकरू, सगळी धड होती. स्नेहल सगळ्यांना पाणी देत होती.

पोलिसांना त्यांनी चेहरा सांगितला, गाडीचा रंग आणि नंबरातले आठवले तेवढे आकडे सांगितले. पुढं तो माणूस श्रीरामपुरात सापडला, माल काही सापडला नाही. आदिनाथ बरेच दिवस तोंड पाडून होते. पण मामांना काढा असं कुणी म्हटलं नाही, आणि पोरींनी तर म्हणूच दिलं नसतं.

त्या चोरीनंतरच्या रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात एकानं मामांना गाठलं. "काय हो दानीएलभाऊ, चोराला तुम्हीच वाट करून दिली म्हणतात?"

"व्हय, दिली," मामा म्हणाले, आणि दीनाबरोबर मटण आणायला गेले.