रविवारी अकरा ते दोन

रिकाम्या घरात शिरतानाही सरोजताई साळवे चपला बाहेर काढायच्या. फरशीवर सिमेंटचा धुरळा असो की खिडक्यांना काचा नसोत, उंबऱ्याशी क्षणभर थांबून त्या आत बघत म्हणायच्या, "येऊ का?" आणि मगच पाऊल टाकायच्या. त्यांच्याबरोबर घर बघायला आलेल्यांनाही मग नाइलाजाने चपला काढाव्या लागत. बूट घातलेल्या एका गृहस्थांनी कुरकुर केली, तर म्हणाल्या, "साहेब, घर अजून दुसऱ्याचं आहे. तुमचं झालं की खुशाल बूट घालून झोपा."

घरांची खरेदी-विक्री जुळवून देणं हा त्यांचा धंदा. परळला झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक चिंचोळी खोली, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली खिळ्यांना अडकवलेल्या चाव्या. घोडपदेवच्या चाळीत वाढलेली, पन्नाशी ओलांडलेली ही ठेंगणी बाई तुफान भरभर बोलायची. घर दाखवताना त्या कधी गोड बोलायच्या नाहीत. "आधी नळ सोडा, मग स्वप्नं बघा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका बाईंनी "बिल्डिंगमध्ये लोक कोणकोणते आहेत?" असं सूचक विचारलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "माणसं आहेत." बाईंनी रेटलं, "नाही, साळवे म्हणजे तुम्ही स्वतः...?" "म्हणजे घोडपदेवच्या. चला, बाथरूम बघून घ्या."

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. माझी आणि त्यांची ओळख माझ्या खोटं बोलण्यातून झाली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दादरला माझ्या वडिलांचं दोन खोल्यांचं घर होतं. चौथा मजला, लिफ्ट नाही. आई गेल्यापासून बाबा एकटे राहायचे. वर्षभरात दोनदा जिन्यात पडले. मी माटुंग्याला, भाऊ नितीन ठाण्याला. घर विकावं आणि बाबांनी सहा महिने माझ्याकडे, सहा महिने नितीनकडे राहावं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. बाबांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणून विचारलंच नाही. गिऱ्हाईक पक्कं झालं की सांगू, असा आमचा बेत.

सरोजताईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "घर कोणाच्या नावावर?"

"बाबांच्या."

"बाबा तयार आहेत?"

"हो."

"मग त्यांना एकदा भेटते."

"अहो, त्यांना कमी ऐकू येतं, थकलेत. सगळं आम्हीच बघतो."

"बरं. पण सहीच्या आधी भेटणार म्हणजे भेटणार."

एकेकाला वेगवेगळं बोलावण्यापेक्षा ओपन हाऊस ठेवू, असं त्यांनी सुचवलं. रविवारी अकरा ते दोन दार उघडं ठेवायचं, ज्यांना बघायचंय त्यांनी यावं, बघावं, जावं. त्या सकाळी माझे यजमान बाबांना जेवायला म्हणून आमच्या घरी घेऊन गेले. मी दादरला थांबले. आईचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. ते मी केलं, माझ्या हातांनी.

साडेबारापर्यंत घर भरलं. एक जोडपं स्वयंपाकघराची लांबी मोजत होतं, कुणी बाबांच्या पलंगाच्या जागी वॉर्डरोब बसेल का ते बघत होतं. सरोजताई दाराशी यादी घेऊन उभ्या होत्या. मी बाल्कनीत कुणाला तरी उजेडाबद्दल सांगत होते. तेवढ्यात बाहेरून बाबांचा आवाज आला.

"कोण गेलं?"

मी वळले. बाबा दारात उभे होते. धाप लागलेली, कठड्यावर हात. कानाचं यंत्र घरी विसरलं म्हणून ते आमच्याकडून कुणाला न सांगता टॅक्सी करून परत आले होते. चार मजले चढून वर येतात तो दार सताड उघडं, बाहेर पंधरावीस चपलांचा ढीग, आत अनोळखी माणसं. दुसरं काय वाटणार होतं त्यांना? "माधवी कुठाय? माझी माधवी कुठाय?"

बाबांना वाटलं होतं की मी गेले.

सरोजताई त्यांचा दंड धरून कानाशी मोठ्याने म्हणाल्या, "कोणी गेलेलं नाही बाबा. ती बघा, तुमची माधवी तिथे उभी आहे." बाबांनी मला पाहिलं आणि ते तिथेच चपलांच्या बाजूला खाली बसले. हसले. खरंच हसले. मग म्हणाले, "मग ही मंडळी कोण?"

मोजपट्टी हातात धरलेला एक तरुण खाली वाकून भाबडेपणाने म्हणाला, "आजोबा, आम्ही घर बघायला आलोय. तुम्ही पण घ्यायला आलात का?"

बाबांचं हसू हळूहळू गेलं. ते मी पाहिलं.

सरोजताईंनी यादी पर्समध्ये टाकली आणि हात जोडून सगळ्यांना म्हणाल्या, "माफ करा. हे घर विकायला नाही. माझी चूक झाली, मी मालकांना विचारलं नव्हतं." कुणीतरी चिडलं, "आम्ही विरारहून आलोय हो!" "समजतं मला. पुढच्या रविवारी मी तुम्हाला स्वतः दुसरी घरं दाखवेन. आज जा." दहा मिनिटांत घर रिकामं झालं. मग बाबांना पाणी देऊन माझ्याकडे न बघता त्या जिना उतरून गेल्या.

मला त्यांचा संताप आला होता. ही कोण परकी बाई, आमच्या घरात निर्णय घेणारी? पण खरा धक्का नंतर बसला. बाबा मला काहीच बोलले नाहीत. पुढचे कितीतरी महिने मी त्यांच्याकडे गेले की ते म्हणायचे, "या, बसा. चहा घेणार?" जन्मात त्यांनी मला अहो-जाहो केलं नव्हतं.

दोनेक महिन्यांनी कळलं की बाबांनी सरोजताईंना स्वतः फोन केला होता. गुडघ्यांमुळे चार मजले झेपत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. "मला लिफ्टचं छोटं घर हवंय. माझ्या नावावर. पाटीही माझीच." मग दर रविवारी दोघं टॅक्सीने माटुंग्यापर्यंत घरं बघत हिंडायची. बाबा प्रत्येक घरात नळ सोडून बघायचे, नावं ठेवायचे आणि खूश होऊन परतायचे. शेवटी एका इमारतीत पहिल्या मजल्यावरची खोली पसंत पडली. दादरचं घर त्यांनी स्वतः विकायला काढलं.

विक्रीची नोंदणी होती त्या दिवशी कचेरीत बाकावर मी सरोजताईंशेजारी बसले होते. बाबा रांगेत पुढे होते. मी म्हटलं, "ताई, तुम्ही नसता तर मी फार मोठं पाप केलं असतं."

"मला मोठं करू नका, मॅडम," त्या म्हणाल्या. मग रांगेकडे बघत, नेहमीपेक्षा फार सावकाश बोलल्या. "माझे वडील हॉस्पिटलात होते. भावाने त्यांना न सांगता घोडपदेवची खोली विकली. मीच गिऱ्हाईक आणलं होतं. माझा पहिला सौदा. डिस्चार्ज मिळाला तेव्हा टॅक्सीवाल्याला माझ्या घरी न्यायला सांगितलं होतं, पण वडिलांनी हट्टाने जुन्या चाळीत न्यायला लावलं. गेले वर. आपल्या दाराची कडी वाजवली. आतून दुसऱ्याच बाईने विचारलं, कोण पाहिजे?"

मी त्यांच्याकडे वळले.

"हातात औषधांची पिशवी घेऊन तसेच खाली आले. चार वर्षं होते माझ्याकडे. एक शब्द बोलले नाहीत त्याबद्दल. जेवण छान झालंय म्हणायचे. रोज." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "एकदा तरी शिव्या घालायला पाहिजे होत्या हो त्यांनी मला. मी वाट बघत राहिले."

तेवढ्यात बाबांना आत बोलावलं आणि आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांकडे गेले. ते म्हणाले, "या, बसा." मी बसले नाही. "बाबा, मला रागवा," म्हटलं. "काय वाटेल ते बोला, पण बोला." त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आणि मग सुरू झाले. "लाज नाही वाटली तुला? आईचा फोटो कपाटात कोंबलास! मला वाटलं तू मेलीस, कार्टे! दारातल्या चपला बघून वाटलं मला, की माझ्याआधी पोरगी गेली!" अर्धा तास ते ओरडत होते, मी रडत होते, आणि शेवटी थकून त्यांनी माझ्याच हातचं पाणी मागितलं.

घरी येऊन सरोजताईंना फोन केला. "ताई, रागावले. खूप रागावले."

पलीकडे चाव्या खिळ्याला अडकवल्याचा आवाज आला.

"नशीबवान आहात, मॅडम," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.