विभाताईंची सही

विभाताई सबनीस कुठल्याही महत्त्वाच्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी देत नसत. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी कुणी पालक मुलाला घेऊन आले आणि "ताई, याला कुठे घालू?" असं त्यांनी विचारलं, की त्या सगळं नीट ऐकून घेत, कोकम सरबत देत आणि म्हणत, "सारू, बरं. आता परवा या." माणसं चक्रावत. मग त्या समजावत, "आज तुम्ही माझ्या तोंडून तुमच्याच मनातलं ऐकायला आलाय. परवापर्यंत तो जोर ओसरेल. मग बोलू शांतीने."

बाई साठीच्या, बारीक अंगाच्या. पांढरे केस आखूड कापलेले. घराण्यात पिढ्यान् पिढ्या संस्थानची नोकरी, शिकण्याची हौस. विभाताई स्वतः लंडनला शिकल्या आणि तिथल्या, मग मुंबईतल्या मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँकेत वरच्या जागेवर पोचल्या. कंपन्यांची किंमत ठरवायची, त्यांची खरेदी-विक्री जुळवायची, त्यांना भांडवल उभं करून द्यायचं, हे त्यांचं काम. मग एक दिवस ते सगळं सोडून आईकडे बडोद्याला परतल्या. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. "आईचे गुडघे," एवढंच त्या सांगत.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. मला इन्व्हेस्टमेंट बँकर व्हायचं होतं आणि इंग्लंडच्या एका नावाजलेल्या विद्यापीठात एक वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. बाबा भुसावळकडून रिफायनरीत नोकरीला आलेले. वासणा भागातला फ्लॅट हीच त्यांची आयुष्यभराची कमाई, आणि तो ते गहाण ठेवायला निघाले होते. विद्यापीठाला होकार कळवायची मुदत आठवड्यावर आली होती.

"मॅडम, तुम्ही हो म्हणालात की मी सही करतो," बाबा म्हणाले.

"मॅडम नका म्हणू, ताई म्हणा. आणि परवा या. तुम्ही नाही, मधुराला एकटीला पाठवा."

ठरल्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुला बँकर का व्हायचंय?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं. जागतिक अनुभव, आव्हानं, वगैरे.

"हे माहितीपत्रकातलं झालं. तुझं सांग ना."

 मग मला मकरपुऱ्यातला बाबांच्या मित्राचा कारखाना आठवला. तो विकायला काढला होता तेव्हा मुंबईहून एक माणूस आला होता. मी त्या काकांच्या ऑफिसात हिशेबाचं काम शिकायला जायची, म्हणून तिथेच होते. त्या माणसाने जेवणाच्या सुट्टीपर्यंत नुसते प्रश्न विचारले, आणि काकांना स्वतःच्या कारखान्याबद्दल जे कधी सुचलं नव्हतं, ते त्याने त्यांच्यापुढे मांडलं. "मला तसं बघता यायला हवंय," मी म्हणाले.

विभाताई खुर्चीत पुढे सरकल्या. "हां. हे खरं आहे. आता याच्यासाठी जागा शोधू."

त्याच आठवड्यात अलकापुरीतल्या एका हॉटेलात, परदेशी प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटचं व्याख्यान होतं. विभाताई माझ्याबरोबर आल्या. पडद्यावर हसऱ्या मुलांचे फोटो येत होते, प्रत्येकाखाली मोठ्या बँकेचं नाव. प्रश्नोत्तरांच्या वेळी त्या उभ्या राहिल्या आणि अगदी गोड आवाजात गुजरातीत म्हणाल्या, "भाई, आमनां तो फोटा जोया. जे छोकरां रही गयां, एमनां नंबर आपो ने." यांचे फोटो पाहिले, जी मुलं मागे राहिली, त्यांचे नंबर द्या.

 एजंट कसनुसं हसला. "एवुं अमे राखता नथी, बेन." असलं काही आम्ही ठेवत नाही.

"राखो. काम लागशे," ठेवा, उपयोगी पडेल, असं म्हणून त्या बसल्या. आवाजात टोमणा नव्हता. पण नंतर चहाच्या टेबलापाशी एकही पालक एजंटकडे गेला नाही. सगळे विभाताईंभोवती जमले, आणि त्या प्रत्येकाला "परवा या" म्हणत होत्या.

मला मात्र त्यांनी कामाला लावलं. "जिंकलेला माणूस स्वतःचं कौतुक सांगतो. ज्याला नोकरी मिळाली नाही त्याला शोध. तो विद्यापीठाबद्दल खरं सांगेल." मी इंटरनेटवर त्या अभ्यासक्रमाची जुनी मुलं हुडकली, आर्जवं केली. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. शेवटी नागपूरचा एक मुलगा बोलला.

"विद्यापीठ उत्तम आहे," तो म्हणाला. "प्राध्यापकही उत्तम. पण आम्ही सप्टेंबरात पोचलो, आणि बॅगा रिकाम्या करेपर्यंत मोठ्या बँकांच्या अर्जांची मुदत संपत आली होती. ज्यांनी आधीच्या उन्हाळ्यांत तिथे इंटर्नशिप केली होती त्यांच्या जागा ठरलेल्याच होत्या. मी कमी पडलो नाही गं, मी उशिरा पोचलो. आणि चूक सुधारायला एका वर्षात वेळच नसतो."

मी धावतच विभाताईंकडे गेले. आता त्या 'जाऊ नकोस' म्हणतील आणि मी सुटेन, असं वाटत होतं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मग? काय ठरवलंस?"

"तुम्हीच सांगा ना."

"नाही सांगणार. माझं सांगणं चुकलं तर तू मला दोष देशील. बरोबर आलं तर जन्मभर मलाच विचारत बसशील. दोन्ही वाईट." मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "विद्यापीठ म्हणजे दार. ते किती सुंदर आहे हे सगळे बघतात. ते कुठल्या खोलीत उघडतं ते बघ, आणि आत जायच्या आधी पडलीस तर उठायला किती वेळ देतं, तेही बघ."

मी घरी जाऊन नाही म्हणाले.

"ताईंनी सांगितलं?" बाबांनी विचारलं.

"नाही. मी ठरवलं."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि गहाणाचे कागद नेऊन कपाटात घातले. त्यांना वाईट वाटलं की सुटल्यासारखं वाटलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी बडोद्यातच एका सीएच्या फर्ममध्ये नोकरी धरली, प्रवेशपरीक्षा दिली, पहिल्यांदा राहिले, पुन्हा दिली, आणि बँका जिथे स्वतः मुलं निवडायला येतात अशा देशातल्याच एका संस्थेत दाखल झाले. विभाताई परदेशाच्या विरुद्ध होत्या असं मात्र कुणी समजू नये. माझ्या आदल्याच वर्षी त्यांनी शेजारच्या हेतलला हिंमत देऊन बारावीनंतर तीन वर्षांच्या पदवीसाठी लंडनला जायला तयार केलं होतं; तिथे पडून उठायला वेळ होता.

मुंबईत एका बँकेतल्या नोकरीसाठीची माझी शेवटची मुलाखत एका ज्येष्ठ गृहस्थांनी घेतली. अर्जावर बडोदा वाचून ते थांबले. "तिथे विभा सबनीस राहतात. ओळखतेस?" मी हो म्हणताच त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी सांगितलं ते असं. एक मोठी कंपनी विकली जात होती. किंमत ठरवणारी टीम विभाताईंची. आकडा फुगलेला होता, कारण ज्या नव्या कारखान्यावर तो उभा होता त्याला परवानगीच मिळालेली नव्हती. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. व्यवहार झाला तर बँकेला मिळणारी फी प्रचंड होती. वरिष्ठ म्हणाले, सही करा. विभाताई म्हणाल्या, "हा आकडा खरा नाही. यावर माझी सही होणार नाही." आवाज जराही चढला नाही. त्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला.

"मग तो व्यवहार फसला?" मी विचारलं.

"छे. दुसऱ्याने सही केली. पुढे परवानगीही मिळाली. सगळ्यांना बोनस मिळाला, मलाही. मी त्याच खोलीत बसलो होतो." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "इतक्या वर्षांत मी खूप हुशार माणसं पाहिली. तसं माणूस पुन्हा पाहिलं नाही."

मी सुन्न झाले. ज्या बाईंच्या घरी मी सरबत पीत बसायची, त्यांचं बरोबर होतं हे जगाला कधी दिसलंच नाही अशा गोष्टीसाठी त्यांनी सगळं सोडलं होतं, आणि वर आईच्या गुडघ्यांचं नाव पुढे केलं होतं. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन गेले तेव्हा मी त्यांना विचारलंच, "पश्चात्ताप होतो?"

"पश्चात्ताप नाही. दुःख होतं. मला ते काम फार आवडायचं गं."

"मग आम्हा मुलांना तिकडेच का पाठवता?"

त्यांना माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "अगं, त्या खोलीत कुणीतरी असायला नको?"

गेल्या वर्षी त्या कर्करोगाने गेल्या. त्याआधी थोडेच दिवस मी भेटायला गेले होते. खिडकीपाशी खाट आणली होती, आवाज पार खोल गेला होता. मी त्यांना सांगितलं की ऑफिसात माझ्यावरही तशीच एक वेळ आली, मी एका आकड्यावर नाव घालायला नाही म्हटलं, आणि मला त्या कामावरून काढून कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलंय. पुढचं काही ठाऊक नाही. त्या मिटल्या डोळ्यांनी ऐकत होत्या. मला वाटलं, झोप लागली.

"हात थरथरले?" त्यांनी विचारलं.

"खूप," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. "माझेही. म्हणून तर मी ते टेबलाखाली ठेवले होते."