चित्राखालची दोन बोटं जागा

नर्सिंग शिकवणाऱ्या बाईंना मुली पाठीमागे कात्रीबाई म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. ॲप्रनच्या खिशात कात्री कायम. झेरॉक्सची कड वाकडी दिसली की हात शिवशिवलाच. चित्राखालची दोन बोटांची पट्टी तर त्या आधी उडवत. "मुलींनी चित्र बघावं, खालची मुंग्यांची रांग कशाला?" त्या रांगेत चित्रकाराचं नाव असतं, हे त्यांनी कधी मनावरच घेतलं नाही.

एक चित्र त्यांचं विशेष लाडकं: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकट्या बाईनं कुशीवर कसं वळवावं. वीस वर्षं त्या ते वर्गात दाखवत होत्या, घरी निघालेल्या पेशंटच्या नातेवाइकांनाही एकेक प्रत देत होत्या. आता निवृत्तीला महिना उरला होता आणि हॉस्पिटल त्यांची घरच्या शुश्रूषेची पुस्तिका छापणार होतं. बिचारीला जन्मात दुसरं काही नको होतं.

तिथेच माशी शिंकली. हॉस्पिटलचे ग्रंथपाल म्हणाले, "बाई, वर्गात चार मुलींना दाखवणं वेगळं. हजारो प्रती छापून वाटायच्या तर ज्याचं चित्र त्याला विचारायला हवं. नाव कुठंय त्याचं?"

"मी काय विकतेय का? रोग्यांच्या भल्याचंच आहे ना?"

"मग तो नाही कशाला म्हणेल? पण विचारा तर खरं."

बाई धुसफुसत कपाटाकडे गेल्या. मूळ पुस्तकात नाव सापडलं, प्रकाशकाकडून पत्ता मिळाला. त्यांनी चित्र जोडून पत्र धाडलं. आठवड्याने उत्तराऐवजी चित्रकाराची मुलगीच आली. तिच्या हातात पत्राबरोबर एक तेलकट, जुनी झेरॉक्स होती. खालची कड कात्रीने सरळ कापलेली.

"बाबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली," ती म्हणाली. "हा कागद तुमच्याच वॉर्डात मिळाला. यावर बघूनच आई त्यांना वळवते. कागद दिसला की बाबा डाव्या हाताचं बोट इथं खाली आपटतात. आम्हाला वाटायचं, पाणी हवंय. पाजायला गेलो की चिडायचे. त्यांनी अशी शेकडो चित्रं काढली, माझ्या जन्माच्याही आधी. आम्ही कुठली ओळखणार? या चित्राखाली त्यांचं नाव असतं, हे तुमच्या पत्रात वाचलं तेव्हा कळलं, ते बोट कशासाठी होतं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी मूळ पुस्तक घेऊन त्या चित्रकाराच्या घरी गेल्या, पलंगाशी बसल्या आणि ते पान उघडून धरलं. "पट्टी मी कापली हो. चुकले," त्या म्हणाल्या. म्हाताऱ्याने आपलं छापील नाव बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हाताने पेन मागितलं आणि परवानगीच्या कागदावर वाकडीतिकडी सही केली. बाईंनी तीच सही पुस्तिकेत चित्राखाली घ्यायचं ठरवलं.

छापखान्यातला माणूस म्हणाला, "बाई, खालची पट्टी उडवू? चित्र मोठं बसेल."

"चित्र लहान करा," बाई म्हणाल्या. "पट्टीला हात लावू नका."