सातव्या मजल्यावरच्या उड्या

माझा आवाज मोठा आहे. कोरियाच्या किनाऱ्यावर, तोंगहेच्या मासळीबाजारात जन्मभर सुकवलेले माकूल विकले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बर्फाच्या गाड्या. हळू बोलले असते तर उपाशी मेले असते. तेव्हा मी चिडून बोलतेय असं कुणाला वाटलं तर बरोबरच वाटतंय. सुनबोकच्या बाबतीत आमच्या इमारतीनं जे केलं ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

सुनबोक सातशे एकमध्ये, मी सातशे दोनमध्ये. दारासमोर दार. तिला सुनबोक म्हणून हाक मारणारी मी एकटीच, बाकी सगळ्यांना ती तेगूनची आई. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचं आयुष्य गेलं. स्वयंपाकघर तळघरात, खिडकी नाही, नुसती वाफ. बाहेर पाऊस आहे की ऊन हे तिला पोरांच्या बुटांवरून कळायचं. नवरा फार पूर्वी गेला. त्या तांदळाच्या हंड्यांवर तिनं तेगूनला शिकवलं, राजधानीत सोलला पाठवलं, त्याचं लग्न लावलं. आणि ती निवृत्त होतेय न होतेय तोच तेगूनला मुलगा झाला.

"आई, आता तू मोकळीच आहेस," तो फोनवर म्हणाला. "इकडे ये. बाळाला सांभाळ."

मोकळीच! काय शब्द आहे बघा. माणूस चाळीस वर्षं राबतो, मग मोकळा होतो, आणि मोकळा झाला की लगेच त्याला दुसऱ्या खुंटीला टांगायचं.

सुनबोकला हवं होतं वेगळंच. आमच्याकडे वसंतात आणि शरदात डोंगर पेटतात. तेवढ्या हंगामापुरते राखणदार नेमतात. डोंगरावरच्या टपरीत बसायचं, धूर दिसला की कळवायचं, आणि लागलीच आग तर पाण्याचा पंप पाठीवर घेऊन धावायचं. "ताई," ती मला म्हणाली, "दिवसभर आभाळाखाली बसायचे पैसे देतात. माझा विश्वासच बसेना." पण त्याला परीक्षा असते. भरलेला पंप पाठीवर घेऊन, ठरलेल्या वेळेत, शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायच्या. तिनं तेगूनला सांगून टाकलं, "पास झाले तर इथंच राहीन. नापास झाले तर मुकाट्यानं येते."

आता स्वयंपाकघरातली बाई म्हणजे हातात ताकद, पण पळायला सांगा! लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या मजल्यावर बसून घ्यायची. जिममध्ये गेली तर पोरं टकामका बघत राहिली. मग सुनबोकनं टीव्हीवरचा एक व्यायाम धरला. घट्ट कपड्यातली एक पोरगी, अंगावर मांस म्हणून नाही, घसा फोडून ओरडते. खाली बसा, हात टेका, पाय मागे फेका, पुढे आणा, उठा, उडी मारा. पुन्हा खाली. आणि सारखं आपलं, "शेवटचं एक!" ते मारलं की पुन्हा, "अजून एक!"

"खोटारडी आहे मेली," सुनबोक जमिनीवर पडूनच म्हणाली. "शेवटचं म्हणाली म्हणून जीव काढून मारलं मी."

पहिल्या दिवशी तिच्यानं उडी झालीच नाही. उठताना सोफा धरला. दुसऱ्या दिवशी संडासातून मला फोन केला, "ताई, उठवायला या." मी हसून हसून अर्धमेली झाले. आठवडाभर ती जिना उलटा उतरत होती, मांड्या इतक्या धरलेल्या. मला वाटलं, सोडेल. सोडलं नाही. त्या पोरीनं दहा सांगितले तर ही तीन करायची, मग चार. दुखलं तर शिव्या द्यायची, पण टीव्ही बंद नाही करायची. इमारतीतल्या बायका लिफ्टमध्ये कुजबुजायला लागल्या, तेगूनच्या आईला म्हातारचळ लागलाय. लागू दे की! तुमच्या बापाचं काय जातं?

आता आमच्यात एक रीत आहे. घरात काही ठोकाठोक होणार असेल, बाळ रांगायला लागलं असेल, तर खालच्यांकडे आधीच काहीतरी घेऊन जायचं आणि माफी मागायची. म्हणजे पुढे आवाज झाला तरी मनं बिघडत नाहीत. सुनबोक रीतभात पाळणारी. चुसॉकच्या, म्हणजे सुगीच्या, सणाला नाशपतीची पेटी घेऊन ती सहाशे एकमध्ये गेली. तिथं राहतात बे साहेब, शाळेचे निवृत्त उपमुख्याध्यापक आणि आमच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. दारात साहेबांच्या पत्नी आल्या. सुनबोकनं वाकून सगळं सांगितलं, परीक्षा काय, व्यायाम कसला. वर हेही दाखवलं की उडी मारल्यावर ती चवड्यावर उतरते, टाच मग टेकवते, आणि खाली हिवाळ्यातल्या दोन दुलया अंथरते. "तरीही त्रास झाला तर सांगा हं." बाईंनी पेटी घेतली. झालं.

आणि इथंच फसली बिचारी.

दोनेक आठवड्यांनी पाचव्या मजल्यावरच्या तरुण पोरीनं वॉचमनकडे तक्रार केली, रोज सकाळी वरून धपधप आवाज येतो, तान्हं बाळ दचकून उठतं. तिची तक्रार खरी होती. तिच्यावर माझा राग नाही. वॉचमननं अध्यक्षांना विचारलं, पाचव्याच्या वर तर तुम्हीच ना? बे साहेब म्हणाले, "आमच्याकडे कोण आहे उड्या मारणारं? माझी बायको? तो सातव्याचा आवाज. ती तर स्वतः कबूल करून गेलीय, पेटी घेऊन!"

बघा म्हणजे! आधीच माफी मागितली, तोच गुन्ह्याचा पुरावा झाला.

आमच्या प्रत्येक घरात, बैठकीच्या छताला, मंडळाचा एक स्पीकर आहे. तो आपल्याला बंद करता येत नाही. त्याला तोंड आहे, कान नाहीत. बे साहेब रोज सकाळी मंडळाच्या कचेरीत जायचेच; दुसऱ्या दिवसापासून तिथं माइकसमोर बसायला लागले. "सर्व रहिवाशांना विनंती. एक कुटुंब वयाचं भान न ठेवता..." नाव घ्यायचे नाहीत. घ्यायला कशाला हवं? सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. लिफ्टमध्ये सुनबोक शिरली की बायका गप्प. एकदा तर कुणीतरी तिच्या दाराच्या मुठीला पावलांचा आवाज होऊ नये म्हणून घरात घालतात तसल्या जाड तळव्याच्या सपाता टांगून ठेवल्या. मी त्या उचलून जिन्यातून खाली भिरकावल्या आणि ओरडले, "ज्यानं टांगल्या त्यानं तोंड दाखवावं!" कोण दाखवतंय!

सुनबोकनं व्यायाम थांबवला. दुलया घड्या करून ठेवल्या. परीक्षा तोंडावर आलेली. मी म्हटलं, डोंगरावर जा, तिथं मार उड्या, कुणाच्या डोक्यावर पडणार आहेस? गेली दोन-तीनदा. पण अंगातला जोरच गेला होता. घरातसुद्धा पायमोजे घालून भिंतीच्या कडेकडेनं चालायची, भांडं ठेवताना खाली फडकं घालायची. आणि इतकं करूनही स्पीकर रोज सुरूच! "विनंती करूनही आवाज थांबलेला नाही..."

त्या सकाळी मी तिच्याकडेच चहा पीत होते. ती समोर बसलेली, हातात कप, पाय जमिनीवर. आणि वर स्पीकरमधून बे साहेब, "आत्ताही, या क्षणी, तक्रार आलेली आहे..."

"या क्षणी?" मी उठले. "तू इथं बसलीयस माझ्यासमोर!"

"जाऊ द्या, ताई."

"काय जाऊ द्या! नवरा कचेरीत आहे ना, मग बायकोला विचारते."

धाडधाड जिना उतरले आणि सहाशे एकची बेल दाबून धरली. बराच वेळ कुणी येईना. मग दार उघडलं आणि मी बघतच राहिले. अध्यक्षीणबाई! अंगात नवऱ्याचा जुना बनियन, केस कपाळाला चिकटलेले, तोंड लालबुंद, धाप लागलेली. आतून ती घट्ट कपड्यातली पोरगी ओरडत होती, "शेवटचं एक!" आणि त्यांच्या छताच्या स्पीकरमधून त्यांचाच नवरा सांगत होता की वयाचं भान ठेवा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नाशपती घेऊन आली होती ना ती... तेव्हापासून. तिनं पाय कसा टाकायचा ते दाखवलं. मला वाटलं, आपणही बघावं."

"नीट दाखवलं होतं तिनं! चवड्यावर! तुम्ही टाचा आपटताय!"

"मला जमत नाही तसं."

"आणि स्पीकरवर तिचा उद्धार होतोय तो ऐकू येत नाही?"

त्यांनी मान खाली घातली. "यांना कळलं तर हसतील हो मला. मरेपर्यंत हसतील. एवढी एकच गोष्ट आहे माझी, जी यांना माहीत नाही."

क्षणभर मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण क्षणभरच. "तुमची गोष्ट तुम्ही लपवलीत," मी म्हटलं, "आणि धिंडवडे तिचे निघाले."

वर येऊन सुनबोकला सांगितलं. ती शांतपणे चप्पल घालून खाली गेली. तिला एवढी संतापलेली मी कधी पाहिली नव्हती. "मी भिंतीच्या कडेनं चालतेय," ती त्या दारात म्हणाली. "माझ्याच घरात! मी तुमच्या यजमानांना काही सांगणार नाही. तुम्ही सांगा. तुमच्या तोंडानं." आणि वर येऊन तिनं दुलया अंथरल्या.

बाईंनी नवऱ्याला काही सांगितलं नाही. उड्या तेवढ्या बंद केल्या त्यांनी. दिवस गेले, परीक्षा आली.

मी मैदानाच्या कडेला उभी होते. पंप तिच्यापेक्षा रुंद वाटत होता. सुरुवात झक्कास केली तिनं, दोन पुरुषांना मागे टाकलं. मी बोंब मारून मारून घसा बसवून घेतला. शेवटच्या फेरीत तिचे पाय जड झाले. थांबली नाही, पडली नाही, पण वेळ संपल्याची शिट्टी वाजली तेव्हा रेघ अजून समोर होती. माझ्या दारापासून तिचं दार आहे तेवढी, जास्त नाही. व्यायाम बंद पडला ते दिवस जर कुणी खाल्ले नसते ना तिचे! ती रेघ ओलांडूनच थांबली, शिट्टीनंतरही. मग पंप उतरवला आणि म्हणाली, "चला ताई, भूक लागली."

तेगूनचा फोन आला, शनिवारी गाडी घेऊन येतो. त्याचा स्वर कसा होता माहितीय? खूश होता पोरगा.

शनिवारी सकाळी ती कपड्यांच्या घड्या बॅगेत भरत होती. मी नुसती बघत बसले होते. तेवढ्यात स्पीकर खरखरला. बे साहेब. "कळवण्यास आनंद होतो की मंडळाच्या पाठपुराव्यामुळे संबंधित कुटुंबाला समज आली असून आवाज पूर्ण थांबला आहे..."

मी उठून त्या स्पीकरला झाडूच मारणार होते. पण मध्येच खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तू इथं कशाला?" बे साहेब म्हणाले. मग बाईचा आवाज, "सरका जरा." आणि मग, अगदी जवळून, श्वासासकट:

"मी सहाशे एकमधली को जमबुन. पाचव्या मजल्यावरच्या बाळाला उठवत होते ती मी. तेगूनची आई नव्हे. हे रोज इथं बसून बोलायचे तेव्हा मी घरात उड्या मारत होते. मला सगळं माहीत होतं. मी गप्प बसले. तिची परीक्षा गेली माझ्यामुळे."

खट्. बंद.

माझे डोळे भरून आले. सुनबोकचे नाही.

"आता?" ती स्पीकरकडे बघून ओरडली. "आत्ता बोलताय? दारात उभी राहून सांगितलं होतं तेव्हा दातखीळ बसली होती?" हातातला पायमोज्यांचा गोळा तिनं त्या स्पीकरवर फेकून मारला.

थोड्या वेळानं बेल वाजली. बाई दारात, डोळे सुजलेले, कमरेत वाकलेल्या. सुनबोकनं त्यांना आत या म्हटलं नाही. बसा म्हटलं नाही.

"मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"हो."

सुनबोकनं फोन उचलला. "तेगून, कुठपर्यंत आलास? मागे फीर. जानेवारीत वसंताच्या भरतीची परीक्षा आहे, मी तेव्हा परत देणार. ... नापास झाले तर काय? तर पुढच्या शरदात देईन. ... बाळ तुझं आहे ना? मग तू सांभाळ." तिकडून तो बरंच बोलत होता. तिनं फोन ठेवला आणि बाईंकडे वळली.

"व्यायाम सोडलात का?"

"हो."

"सोडू नका. पण तिथं नको, खाली तान्हं बाळ आहे. इथं माझ्याकडे या. माझ्या खाली कोण राहतं?"

बाई गोंधळल्या. "आम्ही... म्हणजे, आमचे हे."

"ते घरी केव्हा असतात?"

"दुपारी. जेवून झोपतात."

"मग तीच वेळ," सुनबोक म्हणाली. "आणि दुलया नाही अंथरणार मी."

पहिल्या दुपारी मीही गेले. माझे गुडघे कामातून गेलेत, उडी कसली मारतेय! पण त्या पोरीनं "शेवटचं एक" म्हटलं की तिघींत सगळ्यात जोरात टाच मीच आपटते.