मोकळी तोफ

नवऱ्याचं कौतुक करावं तर मराठीत करावं, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. मी ते इंग्रजीत केलं, आणि तेही त्यांच्या साहेबासमोर.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात टेंपररी होते. दिवाळीआधी कायम होतील, या आशेवर घर चाललं होतं. माणूस असा, की सकाळी शेजारच्या म्हातारीला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेतील आणि संध्याकाळी आमटीत मीठ कमी म्हणून तांब्या भिरकावतील. त्या तांब्यानं माझी भुवई फुटली होती. मोरीत घसरले, असं मी गल्लीभर सांगत होते.

भिंतीपलीकडे इंग्रजीचे मास्तर राहत. आमच्याकडचा आरडाओरडा ऐकून ते एकदा म्हणाले होते, तुमचे मिस्टर म्हणजे अगदी लूज कॅनन. मी पडले मॅट्रिक पास, लगेच डिक्शनरी काढली. कॅनन म्हणजे तोफ, लूज म्हणजे मोकळा. आपल्याकडे दणकून बोलणाऱ्याला मुलुखमैदान तोफ म्हणतात, तेव्हा ही स्तुतीच की! आरशासमोर उभी राहून मी ते शब्द घोकले.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होती, घरच्यांनाही बोलावणं होतं. साहेबांनी सहज विचारलं, हे घरी कसे असतात. मी पदर सारखा केला.

"सर, ही इज अ लूज कॅनन."

पेढा देणारा साहेबांचा हात थांबला. त्यांनी माझ्या भुवईवरच्या टाक्यांकडे पाहिलं.

"घरीसुद्धा?"

"यस सर. ऑलवेज."

यांना इंग्रजीचा गंध नव्हता. बायको साहेबाशी फाडफाड बोलतेय म्हणून हे माझ्या शेजारी छाती काढून उभे.

दिवाळीआधी बरोबरीचे कायम झाले. यांना उद्यापासून येऊ नका म्हणाले. कारण कुणी दिलं नाही. मी मास्तरांकडे जाऊन त्या शब्दांचा अर्थ विचारला, तेव्हा ते कळलं. जहाजावरची तोफ वादळात दोर तोडून सुटते, इकडून तिकडे गडगडत फिरते आणि आपल्याच माणसांना चिरडते.

घरी येऊन यांना सगळं सांगून टाकलं. तांब्या त्यांच्या हाताशीच होता. मी भुवईवर तळवा धरून उभी राहिले. त्यांनी तांब्या उचलला नाही. खाली बघत म्हणाले, "अर्थ कळला नव्हता तुला. नवरा मात्र बरोबर ओळखला होतास."